काचेवरचे तारे मोजणाऱ्या लेविटबाई

मंडळाला यंदा पन्नास वर्षे पुरी होत आहेत, तेव्हा स्मरणिकेसाठी मी काही लिहावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. निरोप चिठ्ठीने आला हे बरे झाले. तोंडी आला असता तर मला तो कळला असता की नाही, कोण जाणे. दोन वर्षांमागे माझा डावा कान पुरता गेला आणि उजवाही आता त्याच्या मागोमाग निघाला आहे. मंगळवारच्या सभेला मी येईनाशी झाले याचे कारण एवढेच. कुणावर रुसवा नाही. तीसजणी खळखळून हसतात आणि आपण कशाला हसायचे ते उमगत नाही, मग घरची खुर्ची बरी वाटते. लोणच्यांच्या चार कृती लिहून द्याव्यात असे प्रथम मनात होते. पण लोणच्यांवर माझ्याहून अधिकाराने लिहिणाऱ्या भगिनी मंडळात आहेत. म्हणून वर्षभरात माझी जिच्याशी चांगली गट्टी जमली, अशा एका बाईंची हकीकत सांगते. त्यांना जाऊन शंभरावर वर्षे झाली आणि त्या मला भेटल्या त्या पुस्तकांत.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीची मुलगी महिनाभर राहायला आली होती. ती पदार्थविज्ञानात एम्. एस्सी. करते. तिला बोलण्याची हौस फार आणि मला ऐकू येईना. दोन दिवस तिने घसा कोरडा केला. तिसऱ्या दिवशी आपला संगणक माझ्यापुढे ठेवला. त्यावर काळ्या आभाळाचे एक चित्र होते, आणि सोबतच्या कागदावर लिहिले होते की, खुणेचा तारा किती तेजस्वी आहे हे आजीने मोजून काढावे. मोजायचे कसे, याच्या सातआठ ओळी खाली होत्या. आयुष्यभर मी तांदूळ मोजले, रवा मोजला, धोब्याचे कपडे मोजले. तारा मोजण्याची पाळी पहिलीच.

रीत सांगते, कठीण नाही. हे चित्र म्हणजे बारीक चौकोनांची जाळी असते, आपल्या भरतकामाच्या मॅटीसारखी. प्रत्येक चौकोनात किती उजेड पडला त्याचा आकडा नोंदलेला असतो. तारा एका चौकोनात मावत नाही, पाण्यात पडलेल्या तेलाच्या थेंबासारखा थोडा पसरतो. म्हणून त्याच्याभोवती एक वर्तुळ काढायचे आणि आतल्या सगळ्या चौकोनांची बेरीज करायची. पण त्या बेरजेत आभाळाचा स्वतःचा मंद उजेडही आलेला असतो. तूप भांड्यासकट तोलले तर भांड्याचे वजन वजा करावे लागते, तसेच हे. वर्तुळाबाहेर एक कडे काढून, जिथे तारा नाही तिथे दर चौकोनाला आभाळाचा उजेड किती ते पाहायचे आणि तेवढा वजा टाकायचा. माझ्या पहिल्या ताऱ्याची बेरीज आली ५२,४००. वर्तुळात चौकोन ११० आणि आभाळ दर चौकोनाला १२०; म्हणजे १३,२०० आभाळाचे. उरले ३९,२००, ते ताऱ्याचे. शेजारी एक तारा होता, त्याचे तेज आधीच ठाऊक होते. त्याचा आकडा याच रीतीने निघाला ९८,०००, म्हणजे माझ्या ताऱ्याच्या अडीचपट. अडीचपटीचा फरक म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात एका प्रतीचा फरक. शेजारचा नवव्या प्रतीचा होता, तेव्हा माझा दहाव्या प्रतीचा ठरला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तो दोन दिवसच टिकला. पुढच्या चित्रांत माझी उत्तरे अर्ध्या प्रतीने चुकू लागली. मी बेरजा तीनतीनदा तपासल्या, त्या बरोबर होत्या. अखेर चूक सापडली ती तुलनेच्या ताऱ्यात. दिसायला सर्वांत ठसठशीत म्हणून मी तो निवडला होता. पण तो इतका तेजस्वी होता की त्याच्या मधल्या चौकोनांत उजेड मावेनासा झाला होता. शेराचे माप काठोकाठ भरल्यावर वर कितीही दूध ओता, माप शेरच दाखवणार. त्यानंतर मी ठसठशीत ताऱ्यांच्या वाटेला जात नाही.

हे ‘प्रत’ प्रकरण फार जुने आहे. ग्रीक लोकांनी डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचे सहा वर्ग केले. सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे ते सहाव्या. म्हणजे आकडा वाढेल तसा तारा मंद, हे ध्यानात ठेवायचे. त्याला पक्का हिशेब बसवला नॉर्मन पॉगसन या इंग्रज ज्योतिषाने, १८५६ साली : पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. हे पॉगसन पुढे १८६१ साली आपल्याकडे मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख म्हणून आले आणि १८९१ पर्यंत, मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांची मुलगी आयसिस १८७३ पासून त्याच वेधशाळेत गणिताच्या कामावर होती. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीसाठी तिचे नाव १८८६ साली सुचवले गेले, पण सोसायटीच्या सनदेत सभासदासाठी पुरुषवाचक शब्द होता एवढ्यावरून ते मागे पडले. तिला सभासद करून घेतले ते १९२० साली. चौतीस वर्षे एका सर्वनामापायी!

असो. मला सांगायचे आहे ते हेन्रिएटा स्वॉन लेविट यांच्याविषयी. संगणक नव्हता तेव्हा तारे मोजायचे कसे, हे ज्यांनी जगाला घालून दिले त्यांत त्या पहिल्या रांगेत बसतात.

लेविटबाईंचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लँकेस्टर या गावी झाला. वडील चर्चचे धर्मोपदेशक. घर श्रद्धाळू, शिस्तीचे आणि शिकलेले. हेन्रिएटा सर्वांत थोरली. ओबर्लिन येथे कॉलेजची काही वर्षे काढून त्या केंब्रिजला आल्या. हार्वर्ड विद्यापीठ मुलींना पदवी देत नसे. त्यांच्यासाठी शेजारी निराळी संस्था होती, तिला पुढे रॅडक्लिफ हे नाव मिळाले. १८९२ साली लेविटबाईंनी तिथला अभ्यास पुरा केला तेव्हा त्यांना एक दाखला मिळाला. त्याचा मथितार्थ असा की, या बाईंनी जे शिकून दाखवले त्यावर पुरुषाला हार्वर्डची पदवी मिळाली असती. शेवटच्या वर्षी त्यांनी ज्योतिषशास्त्र घेतले होते. ते आवडले, आणि पदवीच्या जागी दाखला घेऊन त्या हार्वर्डच्या वेधशाळेत बिनपगारी काम करू लागल्या.

त्या वेधशाळेत तेव्हा एक नवलाचे खाते होते. प्रमुख होते एडवर्ड पिकरिंग. त्यांनी आकाशाची छायाचित्रे काढण्याचा सपाटा लावला होता. फिल्मचे दिवस नव्हते, छायाचित्र काचेवर उमटे. अशा हजारो काचा साठू लागल्या, मोजायला माणसे हवीत आणि पैसा थोडा. पिकरिंगांनी बायका नेमल्या. बायका चिकाटीने काम करतात आणि पुरुषांच्या मानाने थोडक्या पैशांत करतात, हे त्यांनी हेरले होते. दुर्बिणीशी रात्री बसायचे ते पुरुषांनी. दिवसा काचा पाहायच्या, मोजायच्या, वह्या भरायच्या त्या बायकांनी. त्या खोलीच्या प्रमुख विल्यमिना फ्लेमिंग या स्कॉटलंडहून आलेल्या. पदरात मूल येण्याच्या सुमारास नवऱ्याने टाकले म्हणून पिकरिंगांच्याच घरी मोलकरीण म्हणून राहिलेल्या. त्यांनी पुढे दहा हजारांवर ताऱ्यांची वर्गवारी केली. तरी त्यांना वर्षाला १,५०० डॉलर, आणि पुरुष सहाय्यकाला २,५००. ही सल त्यांनी १९०० साली आपल्या रोजनिशीत नोंदून ठेवली आहे. बाकीच्यांना तासाला २५ सेंट. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे सात तास.

लेविटबाईंचे मधले दिवस मोडतोडीचे गेले. १८९६ साली त्या युरोपच्या प्रवासाला गेल्या, परत आल्यावर विस्कॉन्सिन राज्यात वडिलांकडे राहिल्या आणि तिथल्या कॉलेजात चित्रकलेच्या वर्गाला मदत करू लागल्या. याच काळात आजाराने त्यांचा कान अधू झाला आणि तो पुढे पुढे बिघडतच गेला. १९०२ साली त्यांनी पिकरिंगांना पत्र लिहिले. काम इतके दिवस रखडले याची क्षमा मागितली, डोळ्यांचा आणि कानांचा त्रास सांगितला आणि अर्धवट टाकलेले काम पुरे करण्याची इच्छा कळवली. पिकरिंग हिशेबी गृहस्थ, पण पारख असलेले. त्यांनी उलट टपाली कळवले की, नेहमीचा दर २५ सेंटांचा असला तरी आपल्या कामाची प्रत पाहता ३० द्यायला मी तयार आहे. बाई परत आल्या. हे पत्र वाचताना माझ्या मनात आले की, ऐकू येत नाही म्हणून आपल्याला कुणी वगळू नये यासाठी बाईंना किती शब्द जुळवावे लागले असतील. मलाही चिटणीसबाईंना चिठ्ठीचे उत्तर द्यायला चार दिवस लागलेच.

आता त्यांचे काम पाहा. काच उजेडासमोर लाकडी चौकटीत उभी करायची. छायाचित्र उलटे असल्यामुळे आभाळ पांढरे आणि तारे काळे. शुभ्र कापडावर शाईचे थेंब उडावेत तसे. तारा जितका तेजस्वी तितका ठिपका मोठा आणि गडद. हातात भिंग. दुसऱ्या हातात एक गंमतीचे साधन : दांडीला बसवलेली इवलीशी काच, तिच्यावर ठाऊक असलेल्या तेजाचे ठिपके लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. माश्या मारायच्या पात्यासारखी दिसे म्हणून तिथल्या लोकांनी तिला तसलेच नाव ठेवले होते. पण इतकी चिमुकली की माशीला दुखापत व्हायची नाही. ही काच मोठ्या काचेवर सरकवत न्यायची आणि आपला तारा कोणत्या ठिपक्याशी जुळतो ते पाहायचे. बांगडीवाल्याकडे आपण मापाच्या बांगड्या हातात घालून पाहतो तशातला प्रकार.

रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते ते, शोधण्याची युक्ती आणखी सुरेख होती. एका रात्रीच्या काचेवरून सुलटी छाप काढायची, तिच्यात तारे पांढरे. दुसऱ्या रात्रीची उलटी काच तिच्यावर ठेवायची, तिच्यात तारे काळे. काळा पांढऱ्यावर बेतशीर बसला तर तारा होता तसाच आहे. जिथे काळ्याभोवती पांढरी कड डोकावली, किंवा काळाच बाहेर फाकला, तिथे तारा बदलला! हजारो ठिपक्यांच्या गर्दीत अशी एखादी कड हेरायची. खड्याखड्याने तांदूळ निवडणाऱ्या बाईला हे काम समजावून सांगावे लागणार नाही.

दक्षिणेकडचे आकाश टिपण्यासाठी हार्वर्डने पेरू देशात अरेकीपा या गावी वेधशाळा थाटली होती. तिथे कॅथरीन ब्रूस नावाच्या बाईंनी दिलेल्या ५०,००० डॉलरांतून घडवलेली २४ इंची दुर्बीण होती. तिच्या काचा १४ इंच रुंद आणि १७ इंच लांब. त्या पेट्यांत भरून समुद्रमार्गाने इकडे येत. १९०४ साली अशा काचांवर धाकट्या मॅगेलनी मेघात लेविटबाईंना रूपविकारी तारे दिसू लागले. एक नाही, दोन नाही, डझनांनी. हे मेघ म्हणजे दक्षिणेच्या आकाशातील ताऱ्यांचे दोन फिकट पुंजके. केंब्रिजहून ते कधीच दिसत नाहीत, आणि धाकटा आपल्या महाराष्ट्रातूनही दिसत नाही म्हटले तरी चालेल. बाईंना ते भेटले काचेवरच. प्रिन्स्टनच्या एका प्राध्यापकांनी तर पिकरिंगांना थट्टेने कळवले की, या बाईंच्या शोधांची नोंद ठेवणेच आता आम्हांला जमेनासे झाले आहे. १९०८ साली त्यांची यादी छापून निघाली : धाकट्या मेघात ९६९, थोरल्यात ८०८, एकूण १,७७७ तारे.

यादीच्या शेवटी त्यांनी सोळा ताऱ्यांचे कोष्टक दिले होते. त्या ताऱ्यांचे तेज किती दिवसांत वाढून, उतरून पुन्हा पूर्वपदावर येते ते त्यांनी काढले होते. आणि अगदी सहज, जाता जाता सांगावे तशी नोंद केली होती की, अधिक तेजस्वी ताऱ्यांना फेरा पुरा करायला अधिक दिवस लागतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एवढेच. फटाके नाहीत, तोरण नाही. मग आजारपण आले, इस्पितळ झाले, वडिलांचे निधन झाले. बाई घरी असताना पिकरिंगांनी काही काम टपालाने घरीही पाठवले. १९१२ च्या मार्चमध्ये दुसरे टिपण निघाले. त्यात पंचवीस तारे होते. सर्वांत चपळ फेरा सव्वा दिवसाचा, सर्वांत संथ १२७ दिवसांचा. आलेखावर मांडल्यावर ते एका सरळ रेषेत बसले. टिपणाखाली सही पिकरिंगांची. ते लेविटबाईंनी तयार केले आहे असे पहिल्याच वाक्यात म्हटले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

यात एवढे मोठे काय, असे मीही प्रथम विचारले. घाटमाथ्यावर उभे राहून रात्री खाली पाहावे. एक दिवा मंद दिसतो. तो जवळची पणती आहे की दूरची गॅसबत्ती, हे नुसते पाहून कळत नाही. ताऱ्यांचेही तसेच, मंद दिसणारा तारा दूर आहे की मुळातच फिका, हे समजायला साधन नव्हते. पण एकाच गावातले दिवे पाहिले तर? गाव दूर असले तरी त्यातले सगळे दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. तिथे जो ठळक दिसतो तो खरोखरीच मोठा. मॅगेलनचा मेघ हे असे दूरचे गाव होते. तिथल्या ताऱ्यांच्या फेऱ्यावरून त्यांचे खरे तेज ओळखता येते, हे लेविटबाईंनी दाखवले. मग या जातीचा तारा आकाशात कुठेही सापडो. त्याचा फेरा किती दिवसांचा ते मोजा, त्यावरून मूळचे तेज काढा, दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा नियम ठाऊकच आहे. अंतर हाती आले! त्यासाठी जवळच्या काही ताऱ्यांची अंतरे मात्र आधी हवीत. ते काम १९१३ साली डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांनी हाती घेतले, मग अमेरिकेच्या हार्लो शॅप्ली यांनी; शॅप्लींनी त्या मापाने १९१८ साली आपल्या आकाशगंगेचा पसारा मोजला.

लेविटबाईंनी स्वतः ते का केले नाही? त्यांना करू दिले गेले नाही, असेच मला वाटते. पिकरिंगांच्या मते वेधशाळेचे काम आकडे जमवण्याचे. त्यांचे अर्थ इतरांनी लावावेत. त्यांनी बाईंना दुसऱ्या कामाला जुंपले. ते काम म्हणजे ध्रुवाजवळच्या ताऱ्यांचे प्रमाण ठरवणे. किराणा दुकानाला जसे सरकारी शिक्क्याचे वजन लागते, तसे काचेवरचे तारे मोजायला शिक्क्याचे तारे हवेत. ध्रुवाजवळचे तारे उत्तरेकडे वर्षभर मावळत नाहीत, म्हणून ते निवडले. काम भयंकर किचकट. छायाचित्रातील ठिपका तेजाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. काच बदलली, वेळ बदलला, दुर्बीण बदलली की त्याची चाल बदलते. बाईंनी १३ दुर्बिणींच्या २९९ काचा एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि ९६ ताऱ्यांची यादी तयार केली. चौथ्या प्रतीपासून एकविसाव्या प्रतीपर्यंत. दोन टोकांच्या तेजात फरक सुमारे त्रेसष्ट लाखपट! १९१७ साली ते पुरे छापले गेले, आणि पुढे कित्येक वर्षे जगातल्या वेधशाळा त्यांच्याच मापाने माप घेत. शोधापासून त्यांना तोडले हे वाईटच झाले. पण या कामाला हमाली म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. एक बिघडलेला तुलनेचा तारा किती दिवस वाया घालवतो ते मी भोगले आहे. बाईंच्या ९६ ताऱ्यांवर सगळ्या जगाची भिस्त होती.

इथे एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. आपला ध्रुव, ज्याच्या अढळपणाच्या गोष्टी सांगून आपण मुलांना झोपवले, तोच या रूपविकारी जातीतला आहे. चार दिवसांत त्याचे तेज किंचित चढते, किंचित उतरते. डोळ्यांना कळत नाही एवढेच. जागा अढळ, तेज नव्हे.

लेविटबाईंनी लग्न केले नाही. त्या पुष्कळ वर्षे केंब्रिजला काकांच्या मोठ्या घरात राहिल्या, पुढे आईसह लहानशा बिऱ्हाडात. वेधशाळेत शेजारी ॲनी कॅननबाई बसत. त्यांनाही ऐकू कमी येई. १९२१ साली शॅप्ली वेधशाळेचे प्रमुख झाले आणि त्यांनी तारकातेजाच्या मापनाचे खाते लेविटबाईंच्या हाती दिले. वर्ष पुरते सरलेही नाही. १२ डिसेंबर १९२१ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्या गेल्या; वय ५३. त्यांची सगळी मालमत्ता भरली ३१४ डॉलर ९१ सेंटांची. तिच्या यादीत ४० डॉलरांचा एक गालिचा आहे, ५ डॉलरांचे लिहिण्याचे मेज आहे आणि एका डॉलरचा घडीचा पडदा आहे. शोधलेले रूपविकारी तारे सुमारे २,४००. तेव्हा जगाला ठाऊक असलेल्यांपैकी निम्मे त्यांचे होते. त्यांची किंमत अर्थात त्या यादीत धरलेली नाही.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९२३ मध्ये, माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर एडविन हबल यांनी देवयानी नक्षत्रातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. काचेवरच्या एका ठिपक्याला त्यांनी आधी नवतारा मानून खूण केली होती. ती खोडून त्यांनी तो रूपविकारी असल्याची नोंद केली. फेरा ३१ दिवसांचा. लेविटबाईंचा नियम लावला तेव्हा अंतर निघाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. तेव्हाचे माप थोटके होते, आज आपण ते पंचवीस लाखांच्या घरात धरतो. पण नऊ लाखही पुरेसे होते : देवयानीचा मेघ आपल्या आकाशगंगेत नाही, तीच एक स्वतंत्र आकाशगंगा आहे! वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाती ही मंडळी आकाशातही शेजारीशेजारी आहेत. या जातीच्या ताऱ्यांना नाव मिळाले ते वृषपर्व्यातल्या एका ताऱ्यावरून, आणि त्यांच्याच मापाने अंतर मोजले गेले ते देवयानीतल्या मेघाचे.

१९२५ साली स्वीडनचे गणिती मित्ताग-लेफ्लर यांनी लेविटबाईंना पत्र लिहिले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवावे असे त्यांच्या मनात होते. बाईंना जाऊन तीन वर्षांवर काळ लोटला होता, हे त्यांच्या गावी नव्हते. उत्तर शॅप्लींनी धाडले. बाई हयात नाहीत हे कळवलेच, आणि त्या नियमाचा अर्थ लावण्याचे श्रेय आपल्याकडे येते असेही हळूच सुचवले. मृताला ते पारितोषिक देत नाहीत, म्हणून गोष्ट तिथेच थांबली. हल्ली ज्योतिषी त्या नियमाला लेविटचा नियम म्हणू लागले आहेत. चंद्रावरच्या एका विवरालाही त्यांचे नाव आहे.

वृषपर्व्यातला तो तारा आपल्या गावातून दिसतो. १७८४ साली इंग्लंडमध्ये जॉन गुडरिक या वीस वर्षांच्या मुलाने नुसत्या डोळ्यांनी त्याचा चढउतार ओळखला. हा मुलगाही लहानपणापासून पूर्ण बहिरा होता आणि एकविसाव्या वर्षी वारला. ताऱ्याचे तेज साडेतीन प्रतीपासून जवळजवळ साडेचार प्रतीपर्यंत उतरते आणि पाच दिवस नऊ तासांनी फेरा पुरा होतो. शेजारी दोन तारे आहेत, तिघांचा मिळून लहानसा त्रिकोण होतो. त्यांतला एक ३.४ प्रतीचा, दुसरा ४.२ प्रतीचा. रोज पाहायचे, आज आपला तारा कोणाशी जुळतो. संगणक नको, काही नको. नगरपालिकेच्या दिव्यांमुळे डोळ्यांना जरा जड जाते, पण घरात जुनी दोन डोळ्यांची दुर्बीण आहे, तिने स्वच्छ दिसतो.

गेल्या दिवाळीनंतर मी सव्वीस रात्री नोंदी केल्या. त्यांतल्या सात ढगांनी खाल्ल्या आणि एक पाहुण्यांनी. उरलेल्या अठरा चौकटीच्या कागदावर मांडल्या तेव्हा चढ उभा आणि उतार लांबट, अशी वाकडी रेघ निघाली. भाचीच्या मुलीने ती छापील आलेखाशेजारी ठेवून पाहिली. दोन ठिपके चुकले आहेत, बाकीचे बसले.

यंदाही दिवाळी झाल्यावर रोज संध्याकाळी साडेसातला मी गच्चीवर असेन. ज्या भगिनींना पाहायचे असेल त्यांनी खुशाल यावे. जिना उजवीकडून आहे, खालची घंटा वाजवू नये, मला ती ऐकू येत नाही. आणि बोलताना माझ्या उजव्या हाताला उभे राहावे.